साळवे मॅडमचा आठवडा

शालन साळवे यांनी ठाण्याच्या एका कॉलेजात उभी हयात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्या एकट्या, पण मजेत राहत होत्या. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पंचाईत झाली. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं, "काही आठवडे यांना एकटं ठेवू नका." रात्री शेजारची दक्षता सोबतीला येणार होती. दिवसाचं काय?

जुने विद्यार्थी धावून आले. कल्याणचा प्रशांत डेटाच्या नोकरीत मुरलेला. तो म्हणाला, "मॅडम, मी वेळापत्रक 'आर' या संगणकभाषेत बसवतो." प्रत्येकाने आपापल्या आठवड्याचं मॅट्रिक्स पाठवलं: आडव्या ओळीत वार, उभ्या रांगेत तास; येऊ शकतो तिथे ट्रू, नाही तिथे फॉल्स.

प्रशांत लॅपटॉप घेऊन पलंगाशी बसला. सगळी मॅट्रिक्स त्याने 'एनी' फंक्शनला दिली. स्क्रीनवर उमटलं, ट्रू.

"झालं मॅडम! सगळं कव्हर झालं."

मॅडमनी चष्मा लावला. "एकच ट्रू? माझा आठवडा कुठे गेला?"

"म्हणजे?"

"अरे, एनीने सगळं एकत्र कालवून एकच उत्तर दिलं. आठवड्यात कधीतरी कोणीतरी येणार, एवढंच कळलं यातून."

प्रशांतने जीभ चावली. "तुम्ही शिकवलेलं हे."

"शिकवलेलं. तू मागच्या बाकावर डबा खात बसलेलास."

मग त्याने 'किंवा'ची खूण घेतली आणि 'रिड्यूस' फंक्शन लावून मॅट्रिक्सवर मॅट्रिक्स, खान्याला खाना जुळवला. एका खान्यात एकाचं जरी ट्रू असलं, तरी उत्तर ट्रू. आता अख्खा आठवडा समोर आला. मॅडम बघत राहिल्या. ज्यांच्या पेपरांवर आपण लाल रेघा ओढल्या, ती पोरं नोकऱ्या, मुलंबाळं सांभाळून इतके तास काढणार होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

फक्त गुरुवारी दुपारी तीनच्या खान्यात फॉल्स होतं.

"थांबा, आमच्या वर्गातल्या मितेशला फोन लावतो."

"राहू दे रे." मॅडमनी त्याचा हात धरला. "हॉस्पिटलपासून भोवती सतत माणसं. सगळी गोड आहेत. पण तासभर तरी मला कोणी 'पाणी देऊ का?' विचारायला नको."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"दार नुसतं लोटून ठेवायला सांगीन, फोन उशाशी असेल आणि पलंगावरून उठणार नाही. शब्द देते."

प्रशांत कुरकुरला, पण मॅडमपुढे त्याचं कॉलेजातही कधी चाललं नव्हतं.

त्या तासात मॅडम पडल्या पडल्या मोठ्याने गायच्या. सूर यथातथाच होता, म्हणून आयुष्यभर चारचौघांत कधी गायल्या नव्हत्या. एकदा जिन्यात दक्षताच्या कानावर पडलं. ती हसू दाबत खाली गेली आणि याबद्दल कोणाशी बोलली नाही.

पुढे मॅडम काठी घेऊन चालू लागल्या. प्रशांतने ग्रुपवर लिहिलं, आता पाळ्या संपल्या. तरी सोमवारी सकाळी आपल्या ठरल्या वेळी सोमवारची विद्यार्थिनी भावना हजर.

"अगं, निरोप नाही मिळाला का?"

"मिळाला ना," चपला काढत ती म्हणाली. "चहा टाका."