वर गेलं की थंड होतं!

कसं सांगू! सांगायची लाजही वाटते आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. माझ्या एका घोळापायी तीन देशांतली शहाणी माणसं आठवडाभर राबली. आहे का तुमच्याकडे असा घोळ?

मी दूरच्या ग्रहांची हवा तपासते. म्हणजे तिथे जात नाही हो! दुर्बिणीतून आलेला प्रकाश वेगवेगळ्या रंगांत फोडायचा आणि त्यावरून तिथली हवा कशाची, कुठे किती तापलेली, याचं गणित मांडायचं. मे महिन्यात प्रताप नगरच्या आमच्या घरी, वरच्या खोलीत बसून मी अशाच एका ग्रहासाठी हेच करत होते. माझ्या नावाचा पहिला शोधनिबंध व्हायचा होता, त्यामुळे मान ताठ!

पण गणित जुळेना. पाण्याच्या वाफेनं प्रकाश गिळला की आलेखात खड्डा पडतो. इथे चक्क उंचवटा! माझ्या गणितात एक गोष्ट पक्की धरलेली होती, वर जावं तसं थंड होत जातं. वर डोंगरात, चिखलदऱ्याला स्वेटर लागतोच ना? मग चूक माझी कशी असेल?

मी तीन देशांत पसरलेल्या आमच्या सगळ्या गटाला ठसक्यात मेल ठोकला, 'ताऱ्याचा प्रकाश वगळताना तुमची वजाबाकी उलटी झाली आहे. आकडे तपासा.'

माझ्या मार्गदर्शक सरांनी फोन केला, "नक्की ना?"

"सर, शंभर टक्के!"

झालं! तिकडे लोक वजाबाक्या तपासत बसले. एका बिचाऱ्यानं तर सुट्टी रद्द केली.

आठव्या दिवशी भरदुपारी आई जिन्यातून ओरडली, "काय करून राहिली वं वर? खाली ये ना, कूलर लावला!"

"काम आहे, आई."

"अवं, वर स्लॅब तापते. खाली बरं असते."

"वर गेलं की थंड होते, आई! विज्ञान आहे हे."

"मंग तुले एवढा घाम काहून येऊन राहिला?"

मी घाम पुसला आणि वर तापलेल्या स्लॅबकडे पाहिलं. त्या ग्रहाचा वरचा थरच त्याच्या ताऱ्याचं ऊन खाऊन तापला असेल तर? मग तिथली तापलेली वाफ प्रकाश गिळण्याऐवजी उलट जास्तच फेकेल! गणितातली अट काढून टाकली, तापमानाला हवं तसं वरखाली जाऊ दिलं आणि उंचवटा बरोब्बर जागेवर बसला! आकडे सरळच होते. उलटी होते ती मी.

सगळ्या गटाला माफीचा मेल लिहिला. सर मात्र म्हणाले, "निबंध आता खरा भारी झाला." काय अभिमान वाटला म्हणून सांगू! माझा थोडा, आईचा जास्त. धावत खाली जाऊन तिच्या गळ्यात पडले, सगळं सांगितलं.

आई अशी फुलली! तशीच फाटकाशी गेली आणि शेजारच्या काकूंना हाक मारली, "ऐकलं काय वं? माह्या पोरीनं शोध लावला!"

"कायचा वं?"

"वरचा मजला तापते म्हणून!"

काकूंनी मला नीट न्याहाळलं. "एवढं शिकून? आमच्या वरच्या भाडेकरूले तर पहिल्याच दिवशी समजलं होतं, बाई!"