कप कुणी धुवायचे?

कारखान्यात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. तोंडावर सगळ्या तिला ताई म्हणत आणि पाठीमागे करवत. हे टोपणनाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. जीभ तशी होतीच हो! शिवण जरा वाकडी दिसली की म्हणायची, "काय गं, डोळे मिटून मशीन चालवतेस का?" पण तिथली एकही बाई तिला घाबरत नव्हती. तिखट जिभेच्या बाईच्या हाताखाली माणसं इतकी निर्धास्त असावीत, हे काय सोपं काम आहे? करवतीनं त्यात उभी हयात घातली होती.

कारखाना शाळेच्या दप्तरांचा. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना मशिनी, प्रत्येक मशिनीवर एक वाकलेला दिवा आणि टोकाला चहाचे कप धुवायची मोरी. त्या मोरीचा दरारा करवतीपेक्षा जास्त. कारण नियमच तसा होता. चूक झाली की जिची तिनं आपल्या दिव्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की आसपासच्या बायकांनी हातातलं काम ठेवून यायचं आणि विचारायचं, "काय झालं?" "कुणी केलं?" असं विचारायला मात्र बंदी. ज्याच्या तोंडून ते निघेल त्यानं त्या दिवशी अख्ख्या हॉलचे कप धुवायचे. थोरल्या मालकांनीसुद्धा एकदा बाह्या सरसावून धुतले होते, वर दोन फोडलेही.

घरी मात्र करवत हा नियम साफ विसरायची. एकदा बरणी फुटल्यावर ती ओरडली, "कुणी फोडली रे?" तर नवऱ्यानं चकार शब्द न काढता घरातले सगळे कप तिच्यापुढे आणून ठेवले. धुवावे लागले, काय करते!

नियमाच्या मागे एक जुनी जखम होती. करवत नुकती कामाला लागली होती तेव्हाचा सुपरवायझर म्हणजे आरडाओरडा. एकदा शेजारच्या मशिनीवरच्या बाईची सुई मोडली आणि टोक अस्तरात गेलं. सांगावं तर चारचौघांत खरडपट्टी, म्हणून ती गप्प बसली. ते टोक एका पोराच्या तळहातात घुसलं. दप्तर परत आलं आणि त्या बाईला घरी पाठवलं. जिनं लपवलं ती गेली, आणि ज्याच्या धाकानं लपवलं तो खुर्चीत तस्साच! करवत कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत होती. पुढे तीच खुर्ची तिच्याकडे आली तेव्हा तिनं लाल कापड टराटरा फाडून चिंध्या वाटल्या. लोक हसले. हसेनात का!

आता कारभार मालकांच्या मुलीकडे आला होता. धाकट्या मॅडम हुशार, कामाला वाघ, पण घाईच्या. "ताई, या चिंध्या वाईट दिसतात हो," त्या म्हणाल्या. "बाहेरची माणसं बघायला येतात. ही ऑर्डर गेली की बंद करू." करवत नुसती हूं म्हणाली.

त्यातच पट्टे शिवायला एक नवी बाई आली होती. वयानं पोक्त, हात सफाईदार, आधीच्या कारखान्यात बोलणी खाऊन खाऊन मुकी झालेली. चिंधी हातात दिल्यावर तिनं ती खणात अगदी तळाशी सारली. "मला नाही लागायची," एवढंच बोलली.

ऑर्डर निघायचा दिवस उजाडला. ट्रक फाटकात उभा, खोकी भरलेली. करवतीनं सहज मान वर केली तर नवी बाई शेवटचं दप्तर हातात धरून थिजलेली. पट्टा तिच्या हातातच उसवला होता. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नव्हतं. करवतीचे पाय शिवशिवले, पण ती जागची हलली नाही. आपण जाऊन विचारलं तर बाई सांगेलही, पण ते तिच्या तोंडून वदवून घेतल्यासारखं होईल. बांध गं बाई, ती मनात म्हणत होती, एकदा बांध.

नव्या बाईनं खण उघडला. तळाशी सारलेली चिंधी काढून तिनं ती दिव्याला बांधली.

तेवढ्यात दारातून धाकट्या मॅडम कडाडल्या, "ट्रक उभा आहे आणि हे काय? कुणी केलं?"

मशिनी थांबल्या. सगळ्यांचे डोळे आधी मोरीकडे, मग करवतीकडे. करवत सरळ नव्या बाईपाशी गेली आणि म्हणाली, "काय झालं?"

"दोरा बारीक लागलाय ताई, अस्तराचा," नवी बाई कशीबशी म्हणाली. "सकाळपासूनचे माझे सगळे पट्टे... खोक्यांत गेलेत."

करवतीनं रीळ हातात घेतलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते फळीवरच्या दुसऱ्या रिळाशी ताडून पाहिलं. दोन्ही रिळं एकाच रंगाची, एकाच फळीवरची. सकाळी ते काढून दिलं होतं तिनंच, चष्मा कपाळावर ठेवून. ती आपल्या टेबलाशी गेली आणि तिथल्या दिव्याला तिनंही चिंधी बांधली.

"रीळ मी दिलं, मॅडम. बोलायचं तर मला बोला, काढायचं तर मला काढा. पण आजचे कप तुमच्याकडे."

मॅडम लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी ते उसवलेलं दप्तर उचललं, उरलेला पट्टा जरासा ओढला, तर तोही हातात आला. मग ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगून बाह्या दुमडत मोरीकडे गेल्या. हॉलभर असा काही हशा पिकला म्हणता!

खोकी उघडली, पट्टे उसवले, सगळ्या मिळून पुन्हा शिवायला बसल्या. दोन रिळांच्या दोन वेगळ्या फळ्या झाल्या. मॅडम ओले हात पुसत करवतीपाशी आल्या. "ताई, कापड जरा भडक लालच आणा. चिंधी दारातून दिसली पाहिजे." वडिलांपेक्षा त्यांनी कप बरे धुतले होते, एकही फुटला नव्हता.

ट्रक गेला. करवत फाटकातून निघाली तर पुढे नवी बाई फोनवर मुलीशी बोलत होती. आवाज असा, जणू बक्षीस मिळालंय.

"अगं ऐक तर! आज माझ्या हातून केवढी मोठी चूक झाली माहितीये? आणि मी स्वतः सांगितली!"

करवतीला तिला हाक मारायचा मोह झाला, पण तिनं मारली नाही. बाईला बोलू दिलं.