मागची जागा मोकळी झाली तेव्हा

पहाटे करमाळ्याहून एसटी सुटली, तेव्हा आमच्या बॅटी बघून कंडक्टरने विचारलं, "मॅडम, कुठं मारामारीला निघालाय?"

"पुण्याला. जिंकायला!"

बोलायला काय जातं! आमच्या कॉलेजच्या मुलींचा बाहेरगावी हा पहिलाच बेसबॉल सामना. जिंकलात तर संघ राहील, हरलात तर पुन्हा खो-खो, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मी घरातली पहिली पदवीधर. इंग्रजी नियम एकेक शब्द फोडून मीच मुलींना शिकवलेले. हार झाली असती तर ती माझीच.

भिगवणला रिझर्व्हेशनवाल्या एक बाई चढल्या आणि त्यांनी आमच्या रेश्माला उठवलं. रेश्मा खो-खोतली पट्टीची खेळाडू, पण बसमध्ये तिचं काही चाललं नाही. पुटपुटत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

हडपसरला उतरून मिसळ खाल्ली. तर्री (वरचा लाल तिखट रस्सा) आम्हाला फिकीच वाटली. मग रिक्षाने मांजरी गाव गाठलं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती आणि मधे मैदान. फाटकाशी टोपीवाले एक काका बसले होते.

"काका, बेसबॉलचं मैदान हेच का?"

"कालपर्यंत तरी हेच होतं."

सामना सुरू झाला आणि दुसऱ्याच डावात घात झाला. समोरच्या संघाची एक मुलगी पहिल्या बेसवर (कोपऱ्यावरची जाड गादी) उभी. फटका बसताच ती दुसऱ्या बेसकडे धावली. चेंडू रेश्माच्या हातात, बेस तिच्या पायाशी. नुसता पाय टेकवायचा होता. पण खो-खोची सवय जाते कुठे? बेस सोडून ती मुलीच्या मागे लागली. मुलीने हुलकावणी दिली आणि सुखरूप बेस गाठला. पुढच्याच फटक्यावर ती धाव पूर्ण करून आली.

"अहो मॅडम," मागून काका म्हणाले, "खो-खोचं मैदान पलीकडे आहे."

डाव संपल्यावर रेश्मा तणतणत आली. "मॅडम, गडी शिवला की बाद, हे कळतं. गादी शिवून कोण कसं बाद होतं?"

मला सकाळची बस आठवली. "भिगवणच्या बाई आल्यावर तू का उठलीस?"

"त्यांची जागा हाय म्हणून."

"तसंच. फटका मारणारी पहिल्या बेसवर येणार, म्हणून तिथलीला उठावंच लागतं. हा फोर्स (सक्तीची धाव). तिची पुढची जागा आपण आधी धरली की ती बाद, शिवायची गरज नाही."

"आणि त्या बाई मधेच उतरल्या तर?"

"म्हणजे फटका मारणारीच आधी बाद झाली, तर सक्ती संपली. पहिल्या बेसवरची मागे जाऊन बसू शकते. आता तिला शिवावंच लागेल."

रेश्मा बॅट उचलून निघाली.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. त्यांची एक बाद, अजून दोघी बाद झाल्या की सामना आमचा; पण एक पहिल्या बेसवर, आणि सर्वांत तगडी फलंदाज अजून यायची होती. सरपटता फटका थेट आमच्या पहिल्या बेसवालीकडे गेला. तिने आधी आपल्या बेसवर पाय टेकवला, फटका मारणारी बाद! मग चेंडू दुसऱ्या बेसकडे, रेश्माला.

"पाय लाव! पाय लाव!" आमचा सगळा संघ ओरडला.

रेश्माने एकदा पहिल्या बेसकडे पाहिलं. मागची जागा मोकळी झाली होती! तिने बेस सोडला, खो-खोतला सूर मारला आणि चेंडू धरलेला हात त्या मुलीच्या घोट्याला लावला.

पंचांची मूठ वर गेली. आम्ही जिंकलो! मुलींनी मलाच उचललं आणि पाडलं, तोंडात माती गेली, तरी मी ओरडतच होते.

जाताना काका उठून उभे राहिले. "मॅडम, पलीकडचं मैदान इकडेच आणलंत की हो!" पुणेकराने उभं राहून बोलावं, म्हणजे सत्कारच.

प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी सराव किती वाजता?"

परतीच्या बसमध्ये पुन्हा एक रिझर्व्हेशनवाल्या बाई आल्या. रेश्मा न सांगता उठली. "फोर्स हाय, मॅडम." जी सवय मी दिवसभर मोडू पाहत होते, तिनेच संघ वाचवला होता. ती फक्त कधी वापरायची ते रेश्माला कळायला हवं होतं.

भिगवणला त्या बाई उतरल्या. रेश्मा टुणकन मागे जाऊन खिडकीशी बसली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता शिवल्याबिगर कुणी उठवून दाखवा!"