फायनलच्या विमानाचं वजन

घरातून निघताना हेमचंद्र सबनीस गॅस बंद आहे का ते दोनदा बघतो, आणि लिफ्टपाशी पोचला की बायकोला फोन करून तिसऱ्यांदा बघायला लावतो. इचिकावातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे. सवय नाशिकची आहे आणि ती त्याच्याबरोबर जपानला आली. काळजी करणं हा नवऱ्याचा स्वभाव आहे की धंदा, हे विभाला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

धंदा म्हणावा तर तो खरोखरच काळजीचा आहे. टोकियोतल्या एका छोट्या कंपनीत तो भाड्याच्या विमानांचं नियोजन करतो. माणसं किती, सामान किती, इंधन किती आणि एवढं सगळं घेऊन विमान न थांबता कुठवर जाईल, याचा मेळ घालणं हे त्याचं काम. हे तो शिकला मुंबई विमानतळावर. पुढे याच कामाचं सॉफ्टवेअर करायला एका कंत्राटावर ओसाकाला आला, कंत्राट संपलं तरी राहिला आणि टोकियोत स्थिरावला. ऑफिसात त्याला 'साबुनिसु-सान' म्हणतात. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा, आता करत नाही.

मे महिन्यात कंपनीला मोठं काम मिळालं. एका इंग्लिश क्लबात एक जपानी मिडफिल्डर खेळतो. तो क्लब युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचला आणि त्याच्या जपानी चाहत्यांच्या मंडळाने आख्खं विमान ठरवलं. सव्वादोनशे माणसं. अडचण होती ती उतरण्याची. फायनलच्या दिवशी त्या शहराच्या विमानतळावर चाहत्यांची विमानं एकामागून एक येणार, म्हणून प्रत्येकाला उतरायची ठरावीक वेळ दिलेली. ती चुकली की विमान थेट दुसऱ्या शहरात पाठवणार, आणि तिथून बसने येईपर्यंत सामना संपलेला असणार. रशियावरून जायची वाट बंद असल्यामुळे हल्ली मध्य आशियातून वळसा घ्यावा लागतो. एवढ्या लांब मार्गावर भरलेलं विमान कसंबसं पुरतं. वाटेत इंधनाला थांबलं की वेळ गेलीच.

हेमचंद्रने सांगितलं, न थांबता जाईल. हिशोब बरोबर होता. फक्त त्यात एक आकडा त्याच्या अनुभवातला होता. जपानी माणूस हलकं सामान घेऊन फिरतो, हे त्याने इतक्या सहलींमध्ये पाहिलं होतं की त्याबद्दल कोणाला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. नवीन आलेल्या भारतीयांना तो हे हौसेने सांगायचा, "आपल्यासारखं नाही रे. दोन शर्ट, एक छत्री, झालं." गॅस तिसऱ्यांदा बघायला लावणाऱ्या या माणसाने हा आकडा एकदाही तपासला नाही.

उड्डाणाच्या दिवशी पहिल्या गाडीने तो नारिता विमानतळावर गेला. जायची गरज नव्हती, पण घरी बसवलं नसतं. काउंटरपाशी पोचला तेव्हा रांगेतल्या माणसांच्या हातात खरंच काही नव्हतं. गळ्यात मफलर, पाठीवर छोटी सॅक. त्याला बरं वाटलं. मग त्याची नजर कुरियरच्या काउंटरकडे गेली. जपानात लोक सामान आदल्या दिवशीच कुरियरने विमानतळावर पाठवून देतात. तिथे कडक आवरणाच्या मोठाल्या सुटकेसांची भिंत उभी होती, आणि रांगेतली माणसं एकेक करून आपापली ओळखून घेऊन येत होती. ओढणाऱ्यांच्या पाठीला बाक आला होता.

पहिल्या काही बॅगा काट्यावर चढल्या आणि काउंटरवरच्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं. कोणीही मर्यादा ओलांडली नव्हती. तिकिटावर जेवढं लिहिलं होतं तेवढं प्रत्येकाने अगदी काटेकोर भरलं होतं. हेमचंद्रने धरलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"यात आहे तरी काय?" त्याने पुढच्या माणसाला विचारलं.

"भेटी," तो माणूस आनंदाने म्हणाला. "तिकडच्या चाहत्यांसाठी. मी चहाचे कप आणलेत, आमच्या गावची माती आहे. याने तांदळाची दारू आणलीय. त्या काकूंनी लोणचं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. आपल्या पोराला दोन वर्षं त्यांनी घरच्यासारखं सांभाळलं. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

 हेमचंद्र आणि विभा नाशिकला जातात तेव्हा एकेका बॅगेवर बसून चेन लावावी लागते. जवळच फुनाबोरीला मित्राकडे जेवायला जातानासुद्धा हातात काहीतरी असतं. आणि सव्वादोनशे माणसं पहिल्यांदा त्या लोकांच्या दारात जाणार, ती काय घेऊन जातील, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

त्याने वजन पुन्हा मांडलं. धरलं होतं त्यापेक्षा दोन टनांहून थोडं जास्त भरत होतं.

त्याचे साहेब मोरिता-सान यांना त्याने एका खांबाच्या आड नेऊन हे सांगितलं. ऐकताना ते डोळे मिटतात. "साबुनिसु-सान, हे आत्ता कळतंय?"

"हो."

"विमान वाटेत इंधनाला थांबवायचं म्हटलं तर?"

"उतरायची वेळ जाते. सामना जातो."

"सामान ठेवून गेलं तर?"

"कोणाचं ठेवायचं?"

मोरिता-सानांनी रांगेकडे पाहिलं. "तांत्रिक कारणाने थोडं सामान मागे राहील, असं सांगू. पुढचं पुढे."

"ते विचारतील, कसलं कारण."

"जपानी माणूस विचारत नाही."

जपानी माणसाबद्दलचं असलंच एक पक्कं मत काट्यावर चढून बसलं होतं. हेमचंद्रने मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते मोरिता-सानांना समजलं नाही, आणि तो रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिला. 

मंडळाच्या अध्यक्ष कुरोइवा-सान या साठी ओलांडलेल्या बाई. आयुष्यभर शाळेत पोहणं शिकवलेलं, त्यामुळे बोलणं कायम तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. त्यांनी विचारलंच. "कसलं कारण?"

"वजन जास्त झालंय," हेमचंद्र म्हणाला. "तुमची चूक नाही. तुम्ही हलकं सामान आणाल असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही. चूक माझी आहे." तो कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेजारी मोरिता-सानही वाकले.

वर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, फक्त बूट दिसत होते. कोणीच ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं त्याला वाटलं. मुंबईत आतापर्यंत कोणीतरी त्याची कॉलर धरली असती आणि काहीतरी मार्ग निघाला असता.

"किती?" कुरोइवा-सानांचा आवाज आला.

"दोन टन."

"उठा आधी. जमिनीशी काय बोलताय?"

तो उठला. मागून एक जाडजूड आजोबा म्हणाले, "मला ठेवून जा. माझ्या एकट्यात शंभर किलो निघतील."

"तुम्हाला ठेवलं तर गाणी कोण सुरू करणार? गप्प बसा," कुरोइवा-सान म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. "भेटी ठेवून जायला कोण तयार आहे?"

रांग शांत झाली. माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि ही शांतता नकाराची आहे हे एवढी वर्षं जपानात काढलेल्या हेमचंद्रला कळलं. संपलं सगळं, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात चहाचे कप आणलेला तो माणूस गुडघ्यावर बसला. त्याने सुटकेस उघडली, कप बाहेर काढले, मग कपडे काढले आणि रिकामी सुटकेस उचलून बघितली. "हिचंच वजन पाच किलो असेल," तो म्हणाला. "ही कशाला न्यायची?"

पुढे जे घडलं ते बघायला शेजारच्या काउंटरवरचे प्रवासीही थांबले. सामना संपल्यावर स्टँड झाडून कचरा भरायची या चाहत्यांची रीत आहे, त्यासाठी मंडळाकडे मोठ्या प्लास्टिक पिशव्यांचे गठ्ठे होते. ते फोडले गेले. माणसांनी फरशीवर सुटकेसा रिकाम्या केल्या, भेटवस्तू पिशव्यांत भरल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. कपडे मात्र सुटकेसांतच मागे ठेवले. दोन दिवसांचा तर प्रश्न, तेही क्लबची जर्सी अंगात घालूनच काढायचे. एका बाईंनी केस वाळवायचं यंत्र काढून ठेवलं, मग परत घेतलं, मग पुन्हा ठेवलं. "त्यापेक्षा नवऱ्याचे बूट मागे ठेवते," त्या म्हणाल्या, "ते जास्त जड आहेत."  त्या सुटकेसा घरोघर परत पोचवायला कुरियरवाले तयार झाले. पिशव्या पाहून काउंटरवरच्या मुलीने फोनवर वरिष्ठांना विचारलं आणि "दुहेरी पिशवी असेल तर चालेल" असं सांगितलं.

हेमचंद्र प्रत्येक वजन मांडत होता. भिंत खाली येत गेली. पण शेवटची पिशवी चढली तेव्हाही वजन बसलं नव्हतं. थोडं, अगदी थोडं जास्त होतं.

विमानाचा कॅप्टन तुर्की होता. त्याने आकडा पाहिला, वाऱ्याचा नकाशा पाहिला. "समोरचा वारा अंदाजाइतकाच राहिला तर थांबावं लागेल. पडला तर पोचेन. कॅस्पियन समुद्राच्या वर ठरवीन. तिथे इंधन कमी वाटलं तर बाकूला उतरेन."

"त्यांना सांगायचं का?" हेमचंद्रने विचारलं.

"मी सांगेन. तुम्ही घरी जा, तुमचा चेहरा बघून लोक घाबरतील."

घरी जाऊन त्याने लॅपटॉप उघडला आणि नकाशावरच्या पिवळ्या विमानासमोर बसला. विमान चीनवर होतं. दुपार झाली, तरी चीनवरच होतं. विभाने वरण-भात वाढला, तो निवला.

"बघत राहिलास म्हणजे लवकर जातं का ते?"

"नाही."

"मग जेव."

"तू सांगायला हवं होतंस मला."

"मी? मला काय माहीत तू काय धरलंयस ते? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. भेटायला जाणारा माणूस हात हलवत जाईल का? तुझी आई तर शेजारी विरजण मागायला गेली तरी वाटीत साखर घालून न्यायची."

त्याने निवलेला भात कालवायला घेतला. 

ऑफिस सुटायच्या वेळेला विमान कझाकस्तान ओलांडून कॅस्पियनच्या काठाशी आलं. मोरिता-सानांचा फोन आला. तेही बघत होते. दोघं फोन कानाला लावून बसले. नकाशावर समुद्र निळा होता, आणि पलीकडच्या काठावर बाकू.

मग उंचीचा आकडा कमी व्हायला लागला.

"उतरतंय," मोरिता-सान म्हणाले.

 आकडा खाली येत होता. हेमचंद्रच्या डोळ्यांसमोर ते आजोबा आले, बाकूच्या धावपट्टीवर उभ्या विमानात बसलेले, गुडघ्यावर मफलर. कॅप्टनने सांगितलं असेल आत्तापर्यंत. कोणी ओरडलं नसेल. सगळ्यांनी फक्त 'बरं' म्हटलं असेल. हे त्याला सगळ्यात असह्य वाटलं.

"थांबा," तो म्हणाला. "थांबलाय."

आकडा स्थिर झाला होता. विमान खाली आलं होतं, पण उतरण्याइतकं नाही. वर वारा जोराचा असेल, म्हणून कॅप्टन खालच्या थरात आला होता.

"म्हणजे?" मोरिता-सानांनी विचारलं.

"म्हणजे तो प्रयत्न करतोय."

पिवळं विमान बाकूवर आलं.  ते बाकूवरून गेलं, जॉर्जियावरून गेलं आणि काळ्या समुद्रावर शिरलं.  "साबुनिसु-सान," मोरिता-सान म्हणाले, "पुढच्या वेळी विचारा."

"हो."

"मीही विचारीन," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

विमान ठरल्या वेळेत उतरल्याचा निरोप झोपायच्या आत आला. सामना हेमचंद्रने पाहिला नाही. सकाळी विभाने सांगितलं की क्लब हरला, तेव्हा त्याने "अरेरे" म्हटलं आणि परतीचं नियोजन काढलं. परतीला वारा पाठीशी असतो. इंधन पुरून उरतं, सामान कितीही आलं तरी फरक पडत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने तिकडची सकाळ उजाडेपर्यंत वाट पाहिली आणि कुरोइवा-सानांना फोन लावला.

त्यांचा आवाज बसला होता, तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या विभाला तो ऐकू आला.

"हरलो, साबुनिसु-सान!"

"कळलं. वाईट वाटलं. परतीला सामान किती असेल?"

"काय सांगू! आम्ही पिशव्या दिल्या, तर त्या लोकांनी आम्हाला मफलर दिले, टोप्या दिल्या. एकाने तर स्वतःच्या घरचा लाकडी स्टूल दिलाय, घ्याच म्हणाला."

हेमचंद्रने पेन उचललं.

"स्टूल किती किलोचा आहे?" त्याने विचारलं.

"कोणास ठाऊक! थांबा, उचलून सांगते."

"सावकाश," तो म्हणाला. "मी थांबतो."