आमच्या अंगणातलं शुद्ध संत्रं

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागच्या खेपेला हाच किस्सा सांगत होतो, तर माझ्या साळ्याला मध्येच हसू फुटलं आणि समोर बसलेल्या पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं. फजिती माझी, शर्ट त्याचा!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नागपुरात एका कचेरीत कारकून होतो. कारकून दिवसभर दुसऱ्याचं ऐकतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला कोणाचंच ऐकावंसं वाटत नाही. त्यात एका संध्याकाळी मी वाचनालयात व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, "मूल म्हणजे रोप. शाळा त्याची छाटणी करते. त्याला मोकळं वाढू द्या!" मी इतका भारावलो, की सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. सायकलवर बसायचं असतं हे दारात आल्यावर आठवलं. त्या वक्त्यांची स्वतःची दोन्ही मुलं मात्र इंग्रजी शाळेत होती, हे मला चार वर्षांनी कळलं.

दुसऱ्याच दिवशी मी आमच्या वैजूचं नाव शाळेतून काढलं. वैजू सहा वर्षांची, नुकतीच पहिली पास झालेली. संध्याकाळी बायकोला, म्हणजे मंदाला, ही आनंदाची बातमी सांगितली.

"अहो, काहून काढलं?"

"आता घरीच शाळा."

"अन् शिकवणार कोण?"

"निसर्ग!"

"बरं. निसर्ग पाढे घेते का?"

या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. मोठं कार्य हाती घेतलं की माणसानं असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकू नये, असं माझं तेव्हा मत होतं.

आमच्या शेजारी कौसल्याबाई राहायच्या. पन्नाशीच्या असतील. नवऱ्याबरोबर त्यांनी पंधरा-वीस वर्षं संत्र्याच्या बगीच्यांत काम केलेलं. मोहल्ल्यातल्या बौद्ध विहारात काही कार्यक्रम असला की पुढे त्याच. पण शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ही बातमी कळली, तशा तडक कुंपणापाशी आल्या.

"भाऊ, आमच्या लोकाइनं शाळेची पायरी चढाले किती सोसलं, अन् तुम्ही चढलेली पोरगी हातानं उतरवली? काहून गा?"

मी त्यांना रोप, छाटणी, मोकळी वाढ, सगळं समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घरी गेल्या. पटलं त्यांना, असं मी समजलो.

तर सुरू झाली आमची शाळा! माझा विषय बागकाम. अंगणात मी संत्र्याचं एक कलम लावलं आणि वैजूला निरीक्षणाची वही दिली. "रोज झाडाकडे पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं. मी वही तपासणार नाही. मुलाच्या वहीत डोकावणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास." हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी कचेरीतही दोन-तीनदा म्हणून दाखवलं.

आता संत्र्याचं कलम म्हणजे काय, ते ऐका. जंबेरी नावाचं एक आंबटढाण लिंबू असतं. त्याच्या रोपट्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधतात. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. हे मी असं सांगून राहिलोय, जणू आईच्या पोटातून शिकून आलो! तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की झाडाला पाणी घालतात.

थोड्याच दिवसांत बांधलेल्या जागेच्या खालून एक झकास फूट आली. हिरवीगार, तजेलदार. वरचा डोळा मात्र हळूहळू, लाजत वाढत होता. कौसल्याबाईंनी कुंपणावरून पाहिलं.

"भाऊ, ते खालची फूट जंबेरीची होय. मोडून टाका. नाही तं वरचं संत्रं वाळून जाते."

"कौसल्याबाई, आमच्या शाळेत छाटणी नाही."

"अवं माय!" म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिल्याच उन्हाळ्यात, चैत्रात, मी सहल काढली. हुडकेश्वर तेव्हा गावाबाहेरचं गाव होतं, आतासारखी घरांची दाटी नव्हती. वैजूला सायकलच्या दांड्यावर बसवून तिथल्या एका बगीच्यात नेलं. तिथला म्हातारा माळी झाडाझाडापाशी बसून खालच्या फुटी अंगठ्यानं कटाकट मोडत होता. मी वैजूला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "पाहून घे. यालाच म्हणतात क्रूरता."

वैजू म्हणाली, "पण बाबा, त्याच्या झाडाला किती संत्री आहेत!"

"भीतीपोटी येतात ती," मी म्हणालो.

खरंच म्हणालो हो! आज मला स्वतःलाच विश्वास बसत नाही. पण कारकुनाला एकदा व्याख्यान चढलं की ते लवकर उतरत नाही.

पुढे कौसल्याबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. वरची फांदी सुकली. मी ती "दुर्बळ" ठरवून कापून टाकली, म्हणजे जी एक छाटणी करायची नव्हती तेवढीच केली. खालची फूट मग अशी माजली, की तीन वर्षांत झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं. काटे आले. साळा म्हणाला, "भाऊजी, संत्र्याले इतके काटे?" मी म्हणालो, "स्वाभिमानी झाड आहे." चौथ्या वर्षी फळं लागली. पिवळी, खडबडीत, चेहऱ्यावर देवीचे वण असावेत तशी. मी सगळ्यांना सांगत सुटलो, की कोणतंही खत न घातलेलं शुद्ध संत्रं मुळात असंच दिसतं. बाजारातलं गुळगुळीत संत्रं नकली!

इकडे वैजू दहा वर्षांची झाली आणि मंदाचा धीर सुटला.

"अहो, जूनमध्ये पाचवीत नाव घालाले लागते. आता बस झालं."

"अजून दोन वर्षं. शाळा रंगात आलीय माझी."

"मग असं करा. पाडव्याला मोठ्या बाईंना बोलवा. त्या हो म्हणाल्या तर चालू द्या. नाही म्हणाल्या तर जूनमध्ये वैजू शाळेत. मंजूर?"

मोठ्या बाई म्हणजे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि त्या बोलायला लागल्या की मोहल्ल्यातली कुत्रीसुद्धा बसून घ्यायची. मी मंजूर म्हणालो. मला काळजी कसली? झाड होतं ना अंगणात! चार वर्षांची माझी सगळी शाळा त्या झाडाला लटकलेली होती. पाडव्यापर्यंत फळाला कोणी हात लावायचा नाही, अशी मी घरात ताकीद दिली.

मंदानं फक्त विचारलं, "नक्की बोलावू ना पूर्ण मोहल्ल्याले?"

"पूर्ण!" मी म्हणालो. बायकोच्या आवाजात एवढी गोडी का आली, याचा नवऱ्यानं विचार करायला पाहिजे. मी केला नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली. अंगणात सतरंज्या पसरल्या. पंचवीस-तीस माणसं जमली. कौसल्याबाई पाडवा करत नाहीत, पण त्याही आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. मोठ्या बाईंनी आधी वैजूची परीक्षा घेतली. एकोणतीसचा पाढा विचारला, पोरीनं घडाघडा म्हटला. धडा वाचायला दिला, खणखणीत वाचला. तोंडी हिशेब घातला, तोही बरोबर. माझी छाती फुगत चालली. हे सगळं निसर्गानं केव्हा शिकवलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी कचेरीत असताना मंदा रोज दुपारी दोन तास तिला घेऊन बसायची, हे घरात फक्त मला माहीत नव्हतं.

मग मी भाषण केलं. रोप, छाटणी, मोकळी वाढ. शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेक फोड दिली. "सगळ्यांनी एकदम खायची! एक, दोन, तीन!"

काय सांगू! पंचवीस-तीस तोंडं एकाच वेळी आक्रसली. माझ्या साळ्याचा डावा डोळा जो मिटला, तो दुपारपर्यंत उघडला नाही. एक आजोबा कवळी काढून तिच्याकडेच संशयानं पाहायला लागले. पाडव्याचा कडुनिंब वाटीत तसाच पडून होता, दरवर्षी त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवशी तोंडाची चव सुधारावी म्हणून लोक मुठीमुठीनं कडुनिंब खाऊन राहिले होते!

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हणालो, "पहिला बहर जरा आंबट असतोच! पण यामागचं शास्त्र बघा. वैजू, वही आण. बाई, चार वर्षांची निरीक्षणं आहेत. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या!"

वैजू म्हणाली, "बाबा, नको."

"अगं, लाजतेस काय!" मी वही घेतली आणि स्वतःच्या हातानं बाईंना दिली.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या.

"'खालून फूट आली. कौसल्यामावशी म्हणाली, मोड. बाबा म्हणाले, आमच्या शाळेत छाटणी नाही.'"

आजोबांनी कवळी परत तोंडात बसवली.

"'आज वरची फांदी सुकली. ती खरी होती. बाबांनी कापली. मावशी कपाळाला हात लावून बसली.'"

कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. वही हिसकावून घ्यावी असं वाटलं, पण मोठ्या बाईंच्या हातून कोण हिसकावणार?

"'आज मी एक फळ लपून खाल्लं. जंबेरी आहे. आईला सांगितलं. आई म्हणाली, बाबांना आपण होऊन कळू दे. आईनं लोणच्यासाठी मोहरी आणून ठेवली.'"

मी मंदाकडे पाहिलं. ती गुढीकडे पाहत होती.

बाई शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं होती. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, "'झाड जंबेरीचं होय. भाऊले चार वर्ष सांगतलं. भाऊ आयकत नाही.' हे अक्षर कोणाचं?"

वैजू म्हणाली, "मावशीचं. मी शिकवलं. ती मला झाडं शिकवते, मी तिला अक्षरं."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. कौसल्याबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. पदराआडून त्या हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. माझं हसं झालं होतं, जीव नुसता लाजून गेला होता. चार वर्षं मी या बाईला शहाणपण शिकवत होतो, आणि माझ्याच घराच्या ओट्यावर बसून ती अक्षरं गिरवत होती.

मोठ्या बाईंनी वही मिटली. मी मान खाली घालून निकालाची वाट पाहत उभा होतो.

"शाळा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "खुशाल चालू ठेवा. फक्त मास्तर बदला."

बदलला. त्याच संध्याकाळी! पाढे आणि वाचन उघडपणे मंदाकडे गेलं, बागकाम कौसल्याबाईंकडे. दोन वर्षांनी वैजू आपण होऊन शाळेत गेली, तोपर्यंत असंच चाललं. उरलेल्या फळांचं लोणचं झालं. मोहल्ल्यात घरोघरी बरणी गेली आणि प्रत्येक घरी माझी आठवण निघाली.

आणि मी? वैजूनं मला एक कोरी वही दिली. वर लिहिलं होतं, 'विद्यार्थी: बाबा'. पावसाळ्यात कौसल्याबाईंनी स्वतः डोळा बांधलेलं नवं कलम अंगणात लावलं आणि मला एकच काम दिलं. खालची फूट दिसली की मोडायची. मी म्हटलं, या वेळी ऐकून दाखवतो! रोज पहाटे उठून, चष्मा लावून, जे हिरवं दिसेल ते कटाकट मोडलं. महिनाभर एक दिवस चुकलो नाही.

महिन्यानं कौसल्याबाई तपासायला आल्या. झाडाच्या जागी एक गुळगुळीत काडी उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून वही मागितली. ओट्यावर बसून सावकाश, वळणदार अक्षरात शेरा लिहिला. वही अजून माझ्यापाशी आहे.

'वरचं बी मोडलं. भाऊ याच वर्गात.'