नवव्या होलचा उतार

आमच्या मिठागराचं वाळवंट झालं ते बिल्डरच्या जाहिरातीत. गंमत नाही करत, खरंच तसं छापलेलं: 'वाळवंटातल्या तळ्याकाठी गोल्फ खेळा.' डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेले आम्ही, तिथं यांचं वाळवंट! ट्रक भरभरून पिवळी वाळू आणली, खड्ड्यांत ओतली, कडेनं निवडुंग लावले. पहिल्या पावसात निवडुंग सडले. परत लावले, परत सडले. आता सिमेंटचे आहेत, लांबून कळत नाही. तळं मात्र खरं आहे. भरतीचं पाणी आम्ही जिथं साठवायचो तीच ती जागा, आता काठाला दगड बसवलेत आणि मधे कारंजं सोडलंय.

मी शाळेत पीटी शिकवते. सत्तावीस वर्षं शिट्टी फुंकतेय, त्यामुळे आवाज हा असा. नवरा म्हणतो, तू बोलत नाहीस, ऑर्डर सोडतेस. असल्या बाईला गोल्फ आवडायचं काही कारण नव्हतं. धावायचं नाही, ओरडायचं नाही, घाम आला तर पुसायला टॉवेल वेगळा. ह्याला खेळ म्हणायचं? पण मी तो पन्नाशीत शिकले, आणि तो बाबांसाठी शिकले.

बाबा आमच्या पलीकडच्या आळीत राहतात. आई गेल्यापासून जेवायला माझ्याकडे. आयुष्यभर त्यांनी मीठ पिकवलं. दिवाळी झाली की वाफे दुरुस्त करायला घ्यायचे. चिखल पायांनी तुडवून, चोपून, वाफ्याची जमीन अशी करायची की पाणी सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. एका कोपऱ्यात बोटभर जास्त साचलं तर तिथलं मीठ काळं पडणार. ह्याला पट्टी नाही, दोरी नाही. बाबा वाफ्यात उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि तळव्यांनी सांगायचे, इकडून तिकडं उतार आहे, मूठभर चिखल टाका. गावातले बाकीचे मिठागरवाले आपला वाफा तपासायला त्यांना घेऊन जायचे. आम्ही पोरं खेळायला म्हणून वाटीत पाणी नेऊन ओतायचो. बाबा म्हणतील तिकडंच पाणी जायचं, एकदाही चुकलं नाही.

मग मिठात काही राहिलं नाही, गावानं जमिनी दिल्या, बाबांनीही दिली. त्याबद्दल मला रडगाणं गायचं नाही. आमची पक्की घरं त्यातूनच झाली. पण बाबांचं एक होतं. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा आणि मिठागरावर एक फेरी मारून यायची. काम संपलं तरी फेरी संपली नाही. मोजणी चाललेली, मशीन येत होती, तेव्हाही ते कडेकडेनं फिरून यायचे. मग कुंपण आलं. तारेचं, हिरवं, डोक्याच्या वर. एकदा मी स्कूटरवरून शाळेत निघालेले, तर कुंपणाला दोन्ही हातांनी धरून बाबा उभे. पाऊण तासानं विसरलेलं रजिस्टर न्यायला परत आले, तरी तिथंच उभे. माझं टाळकं सरकलं. कोणावर, ते मात्र सांगता येईना.

त्या संध्याकाळी मी बाबांचं कपाट उघडलं. जमिनीच्या कागदांबरोबर प्रत्येक घराला गोल्फ क्लबचं एक आजीवन कार्ड मिळालेलं. गावात सगळ्यांनी ते देव्हाऱ्याखाली नाहीतर कपाटात ठेवून दिलेलं, गोल्फ कोण खेळणार! मी नियम वाचले. सभासदाला खेळताना सोबत एक माणूस नेता येतो, काठ्यांची पिशवी उचलायला. मी म्हटलं, बस. कार्ड माझ्या नावावर करून घेतलं आणि बाबांना म्हटलं, "उद्यापासून तुम्ही माझे कॅडी."

"म्हंजे काय?"

"माझं ओझं उचलायचं आणि मिठागरात फिरायचं."

"तुजं ओजं मी लय उचललाय," बाबा म्हणाले, पण लागलीच चप्पल शोधायला उठले.

पिशवी अर्थात मीच उचलायचे. ऐंशीला टेकलेल्या माणसाला कोण उचलायला लावेल? ते पुढे चालायचे, हात मागे बांधून, मालकासारखे. गेटवर रोज तमाशा. वॉचमन बिहारचा, स्वभावानं गरीब. "बाबा, एन्ट्री करनी है," म्हणून वही पुढे करायचा. बाबा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, सरळ आत. मी मागून सही करायचे. एकदा मी चिडले, "दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "आपल्या घरान शिरतांना कडी वाजवतं का गो कोन?" मी सही करत राहिले.

माझी नणंद इथंच दिवा स्टेशनजवळ राहते. तिच्याकडे दिवसाआड पाणी, तेही आलं तर. ती एकदा बाबांच्या जागी माझ्याबरोबर आलेली, गवतावर फवारे गरगरताना बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वहिनी, मी इथं दोन हंडे घेऊन येऊ का गं?" आम्ही हसलो. ती फार नाही हसली.

खेळ मला जमायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात मी चेंडूपेक्षा गवतच जास्त उडवलं. लांबचा फटका हळूहळू बसला, खांद्यात जोर होता. घोडं अडायचं ते शेवटी. प्रत्येक टप्प्याच्या, म्हणजे होलच्या, शेवटी भोकात झेंडा रोवलेला असतो; त्याच्याजवळचं गवत अगदी बारीक कापलेलं असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथं चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा. दिसायला सपाट, पण सपाट नसतं. चेंडू सरळ मारावा तर वाकडा जायचा. मी चार-चार, पाच-पाच वेळा ढकलत बसायचे आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

एक दिवस बाबांना राहवलं नाही. चप्पल काढून ते ग्रीनवर आले, डोळे मिटून उभे राहिले. मग चार पावलं चालले. "पानी तिकरं जाईल," ते म्हणाले. "चेंडवाला काय येगली अक्कल हाय? इकरं मार, तो फिरून येतंय."

मारला. फिरून आला. भोकात गेला.

मैदानाच्या मधोमध मी फुगडी घालायचीच काय ती बाकी होती. त्या दिवसापासून बाबा खरे कॅडी झाले. क्लबचे कॅप्टन एक निवृत्त इंजिनिअर होते, घोडबंदर रोडहून गाडीनं यायचे, बोलणं अगदी शुद्ध. त्यांनी बाबांना अनवाणी बघितलं आणि मला वाटलं, आता नियम काढणार. पण ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं खेळतोय. हे मला अजून दिसत नाही." बाबांना म्हणाले, "दादा, अनवाणीच चाला हो. तुमच्या पायांनी गवताचं काही बिघडणार नाही."

एवढं छान चाललेलं, आणि क्लबची नवीन कमिटी आली. त्यांचं म्हणणं, गावातल्या कार्डवाल्यांना खेळ येत नाही, उगाच फिरतात, ग्रीन खराब होतं. फिरणारे आम्ही दोघंच होतो, पण पत्र सगळ्या गावाला आलं. कार्ड ठेवायचं असेल तर नऊ होल साठ फटक्यांत पूर्ण करून दाखवा, कॅप्टनसमोर. एकच संधी. एकसष्टावा फटका झाला की कार्ड रद्द.

मी त्या वेळी एका डावाला सत्तर फटके घेत होते. बाबांना मी काही सांगणार नव्हते, पण पत्र त्यांनीच पोस्टमनकडून घेतलेलं आणि शेजारच्याकडून वाचून घेतलेलं. जेवताना म्हणाले, "मंग कुंपनाच्या भायेर?" मी म्हटलं, "जेवा गुपचूप." मागितली नव्हती तरी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दोन महिने मी घासलं. शाळेच्या आधी, शाळेच्या नंतर, रविवारी तर दुपारपर्यंत. नवऱ्यानं कुरकुर न करता डबे भरले, हे इथं लिहून ठेवते, पुढे भांडणात त्याच्या उपयोगी येईल.

परीक्षेच्या सकाळी बाबांनी पांढरा शर्ट घातलेला, इस्त्रीचा. गेटवर वही आली, बाबा नेहमीसारखे सरळ आत. कॅप्टन कागद-पेन घेऊन आमच्याबरोबर चालले. मी लांबचे फटके नीट मारले, एक तळ्यात घालवला, आणि प्रत्येक ग्रीनवर बाबांनी चप्पल काढून, डोळे मिटून, बोटानं दाखवलं तिथं चेंडू ढकलला. आठ होल झाले तेव्हा कॅप्टननी हळूच सांगितलं, "चोपन्न."

नववा होल म्हणजे आमची स्वतःची जागा. तळ्याच्या काठाला, जिथं बाबांचा सगळ्यात चांगला वाफा होता, तिथं ते ग्रीन आहे. रोजच्या फेरीत मी तिथवर पोहोचेपर्यंत शाळेची वेळ झालेली असायची, म्हणून तो होल रविवारीच व्हायचा; तोवर ऊन चढून बाबा सावलीला बसलेले असायचे आणि मी इतकी दमलेली असायचे की चेंडू वाकडा गेला तरी माझाच हात चुकला असं धरायचे. त्या दिवशी मी वाळूत एक फटका घालवला. चार फटक्यांत ग्रीनवर आले. अठ्ठावन्न. उरले दोन.

"बाबा, चप्पल," मी म्हटलं.

"हितं कनाला?" बाबा हसले. सकाळभर हसले नव्हते ते आता हसले. "ह्यो वाफा मी बांधलाय गो. हितं पाय कशाला लावाला हवा? पानी काराला तलावाकरं बारीकसा उतार मीच ठेवलाय. झोपंत इचार, सांगंन."

मी डोळे झाकून विश्वास ठेवला. आयुष्यभर ठेवलेला, तेव्हाच कसा नाही ठेवणार? तळ्याकडे उतार धरून, वरच्या बाजूनं चेंडू ढकलला.

चेंडू तळ्याकडे वळलाच नाही. उलटीकडे वळला, भोकाला वळसा घालून लांब गेला, दहा पावलं खाली जाऊन थांबला.

कॅप्टननी कागदावर एक रेघ मारली. मी बाबांकडे बघितलं. घरच्या कुत्र्यानं आपल्यावरच भुंकावं आणि माणसानं थांबून बघत राहावं, तसे ते बघत होते. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग, की बोलले असते तर जन्मभर पुरलं असतं. मी काठी घेऊन चेंडूकडे चालू लागले.

बाबांनी सावकाश चप्पल काढली. दोन्ही जोडून ग्रीनच्या बाहेर ठेवली, देवळाबाहेर ठेवतात तशी. आत आले. डोळे मिटले. उभे राहिले ते राहिलेच. मग एक पाऊल, मग दुसरं. मधे खाली बसून गवतावर तळहात दाबला.

"ही माती आपली नाय," ते म्हणाले.

"भराव आहे, दादा," कॅप्टन म्हणाले. "बाहेरून तांबडी माती आणून चार फूट भरलंय. खाऱ्या जमिनीत गवत धरत नाही."

"चार फूट." बाबांनी मान हलवली. "म्हंजे आपला वाफा खाली हाय." मग, स्वतःशीच बोलावं तसं, "उतार चांगला केलाय पन. ज्यानं केलाय त्याला काम येतंय."

आणि मग त्यांनी मला दाखवलं. भोकाच्या उजव्या अंगाला, तीन पावलं वर. "तिथं मार. हलू. उघाडी थोरीशी उचलून पानी सोरतांव ना, तसं सोर." लहानपणी बांधात पाणी अडवणाऱ्या त्या फळीवर, उघाडीवर, माझा हात धरून त्यांनी मला पाणी सोडायला शिकवलेलं. जोर लावायचा नाही, नुसतं सुटू द्यायचं. मी तसं सोडलं.

चेंडू वर गेला, थबकला, वळला, आणि इतका सावकाश आला की मला वाटलं माझा जीव जाईल. कडेवर थांबला. मग पडला.

मी किंचाळले. खिशातून शिट्टी काढून फुंकलीसुद्धा, पलीकडच्या होलवरचे लोक दचकून बघायला लागले. कॅप्टन टोपी काढून हसत होते. "साठ, बाई! बरोबर साठ!" मी रडत होते, हसत होते, बाबांना मिठी मारायला वळले तर ते चेंडूकडे बघतच नव्हते. पायाखाली बघत होते.

त्यानंतर तीन दिवस बाबा आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मी एकटी गेले, खेळले, माझं लक्ष नव्हतं. ज्याच्यासाठी हा उपद्व्याप केला तोच घरी बसणार असेल तर हे कार्ड मी काय चुलीत घालू? असं मी नवऱ्याला ओरडून विचारलं. तो बिचारा डबा भरत होता.

चौथ्या सकाळी मी स्कूटर काढत होते तर बाबा दारात. तोच पांढरा शर्ट. येऊन स्कूटरवर मागे बसले.

गेटवर मी नेहमीच्या सवयीनं सही करायला पुढे झाले. बाबा आत गेले नव्हते. गेटच्या लोखंडी दांड्यापाशी उभे होते. त्यांनी दोन बोटांनी त्या दांड्यावर टकटक केलं, आणि वॉचमनकडे बघून विचारलं, "येऊ का आत?"

वॉचमन गडबडला. वही तशीच हातात घेऊन उठून उभा राहिला. "आइए ना बाबा, आपको कौन रोकता है."

माझ्या हातातलं पेन थांबलं. आजवर कितीदा मी त्यांना थांबा म्हणून ओरडले होते, आणि आता वाटत होतं, नका हो विचारू, सरळ जा ना नेहमीसारखे.

बाबांनी वही मागून घेतली, अंगठा नाही, वाकडीतिकडी का होईना सही केली, आणि आत गेले. मी पिशवी उचलून मागे आले तेव्हा ते पहिल्या ग्रीनच्या कडेला वाकून चप्पल काढत होते.

"चल गो," मला म्हणाले. "ही जागा अजून नीट बघितली नाय आपन."