रिपोर्ट कॉम्प्युटरचा, तारीख शिक्क्याची

"सोनवणे मॅडम, तुमचा प्रिंटर चुकीचे आकडे छापतोय. आत्ताच्या आत्ता या."

फोनवर खैरनार होते. देवळाली कॅम्पात त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब. प्रिंटर मी त्यांना विकलेला, म्हणून तो कायम 'तुमचा'. नीट चालतो तेव्हा तो त्यांचा असतो.

"खैरनार सर, प्रिंटर कागद खाईल, शाई सांडेल, फिकट छापेल. तो आकडे बदलत नाही. त्याला आकडे कळतच नाहीत."

"ते इथे येऊन सांगा. खाली डॉक्टर गुजराथींनी डोकं उठवलंय."

नाशिक रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या दवाखान्यांची, लॅबची, वकिलांची कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे असायची. वर्षाचा करार, बोलावलं की जायचं. करार फक्त यंत्राचा. आत कुठलं सॉफ्टवेअर घातलंय, कुठून आणलंय, हे मला कुणी विचारत नसे आणि सांगतही नसे. बिघडलं की मात्र पहिला फोन मला. हे दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं सांगतेय. संध्याकाळी लाइट जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा, ते दिवस.

स्कूटी काढली आणि कॅम्प गाठला.

खैरनारांच्या लॅबमध्ये स्वच्छतेचं मोठं प्रस्थ. दारात चपला काढायच्या. हात पुसायला ओला कापूस. त्यांची टेक्निशियन मनीषा प्रत्येक पेशंटच्या डोळ्यांसमोर सुईचं पाकीट धरायची. "सील बघून घ्या हं, फुटलेलं नाही ना?" पेशंटनं मान हलवली की मगच पाकीट फोडायचं. मला त्या गोष्टीचं खरंच कौतुक होतं. अजूनही आहे.

त्या दिवशी बाकावर एक पंचविशीची बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. कल्पना तिचं नाव. गावाकडून नवऱ्याच्या मोटरसायकलवर आलेली. घरची फुलशेती, झेंडूचा तोडा चालू. चार-पाच दिवस ताप. ओठ पांढरेफटक. नवरा रामदास हातात रिपोर्ट धरून उभा होता आणि निघायच्या घाईत होता.

"सर, रिपोर्ट चांगला हाय ना? मग जातो आम्ही. मळ्यात माणसं खोळंबलीत."

"चांगलाच आहे," खैरनार म्हणाले.

तेवढ्यात जिना चढून डॉक्टर गुजराथी स्वतः वर आले. खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. धापा टाकत होते, पण आवाज खणखणीत.

"कुठेही जायचं नाही! खैरनार, हिच्या हातावर लाल ठिपके आलेत, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि तुमचा कागद म्हणतो प्लेटलेट भरपूर. हिमोग्लोबिन तर पैलवानाचं! ही बाई पैलवान दिसते का तुम्हाला?"

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. त्या तापात कमी झाल्या तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे प्रश्न साधा होता. कागद खरा असेल तर कल्पना घरी जाईल. कागद खोटा असेल तर तिला लगेच हॉस्पिटलात न्यायला हवं. घरी पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ.

"कॉम्प्युटरचा रिपोर्ट आहे डॉक्टर, हाताने लिहिलेला नाही," खैरनार म्हणाले. "छापताना गडबड झाली असेल. म्हणून तर मॅडमना बोलावलंय."

मी रामदासच्या हातातला कागद घेतला. वर लॅबचं नाव, खाली आकडे, सगळं नीटनेटकं छापलेलं. आणि तारखेच्या जागी निळ्या शाईचा रबरी शिक्का. थोडा तिरका.

मला कळेना. कॉम्प्युटर रिपोर्ट छापतो, त्याला तारीख छापता येत नाही?

"मनीषा, तारखेला शिक्का का मारतेस?"

"सॉफ्टवेअर तारीख चुकीची टाकतं मॅडम. सर म्हणाले, ती ओळ काढून टाकू, आपण शिक्का मारू."

"चुकीची म्हणजे?"

"रोज एकच येते."

रोज एकच! हे वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं.

"आकडे मोजतं कोण?" मी विचारलं.

तिनं कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. सेल काउंटर. रक्ताची नळी लावली की ते पेशी मोजतं आणि वायरीतून आकडे कॉम्प्युटरला पाठवतं. त्याला स्वतःचा छोटासा पडदाही असतो, पण कॉम्प्युटर आल्यापासून त्याकडे कुणी बघत नव्हतं.

"हिची नळी आहे अजून?"

"रॅकमध्ये आहे."

"लाव परत."

"मॅडम, तुम्ही प्रिंटर बघा की," खैरनार मध्येच म्हणाले. "तपासणीत कशाला पडता?"

"लाव गं तू," डॉक्टर ओरडले.

मशीन घरघरलं. आम्ही सगळे त्या बोटभर पडद्यावर वाकलो. आकडे आले आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. प्लेटलेट धोक्याच्या रेषेखाली कधीच गेलेल्या. मशीनमध्ये सकाळी मोजलेलंही साठवलेलं होतं. तिथेही तसंच. म्हणजे मशीननं सकाळपासून खरं तेच सांगितलं होतं, आणि कागदावर भलत्याच कुणाचे आकडे आले होते.

"रामदास, गाडी बघा. आत्ता निघायचं, नाशिक रोडला अॅडमिट करायचंय. मी फोन करतो," डॉक्टर म्हणाले.

रामदासनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा खैरनारांकडे. "मंग ह्यो कागद कुणाचा हाय?"

कल्पनाला धरून त्यानं आणि डॉक्टरांनी खाली नेलं. जिन्यात ती म्हणत होती, "मी सकाळधरनं सांगतेय, मला लय कसंतरी होतंय म्हणून." तिचं कुणी ऐकलं नव्हतं. कागदाचं ऐकलं होतं.

मी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

"सर, हे सॉफ्टवेअर कुठून आणलं?"

"नेटवरून."

"कंपनीकडून?"

"कंपनीवाला महिनाभर वापरायला देतो, मग पैसे मागतो. हे आपल्या केबलच्या हबवर मिळालं."

हब म्हणजे काय ते सांगते. तेव्हा केबल टीव्हीवालेच घरोघरी इंटरनेटची वायर टाकायचे. त्या वायरीवरची माणसं आपापल्या कॉम्प्युटरमधला एक फोल्डर इतरांसाठी उघडा ठेवायची. गाणी, सिनेमे, गेम, सॉफ्टवेअर. मध्ये दुकान नाही, कंपनी नाही. याच्या घरातून थेट त्याच्या घरात. खरी नावंही नाहीत. कुणी 'किंग', कुणी 'टायगर'. खैरनारांना हे सॉफ्टवेअर कुण्या 'लॅबकिंग'नं दिलं होतं.

"हा लॅबकिंग कोण?"

"काय माहीत. पण माणूस चांगला आहे. चॅटवर सगळं समजावून सांगितलं त्यानं. आणि मॅडम, मी अँटिव्हायरस मारून बघितलाय. एकदम क्लीन. कितीतरी लॅबवाले हेच वापरतात!"

झालं! ही दोन वाक्यं मी त्या काळात इतक्यांदा ऐकली की कान किटले. व्हायरस नाही आणि सगळे वापरतात. अहो, अँटिव्हायरस चोर ओळखतो. वेड्यासारखं वागणारा प्रोग्रॅम ओळखणं त्याचं काम नाही. मूळ कंपनीनं दिलेली फाइल आणि आपल्या हातात पडलेली फाइल अगदी एकच आहे का, हे ताडून बघायची सोय असते, अंगठ्याचा ठसा जुळवावा तशी. पण कुलूप फोडलेल्या मालाचा ठसा जुळणार कसा? कुणीतरी आत हात घातलाय, म्हणून तर तो फुकट मिळतोय. त्या हातानं आणखी काय काय हलवलं, हे विचारायचं कुणाला?

फोल्डर उघडल्यावर पाचेक मिनिटांत उलगडा झाला. मूळ सॉफ्टवेअर रोज कॉम्प्युटरला तारीख विचारतं. महिना उलटला की बंद पडतं. लॅबकिंगनं मध्ये एक छोटी फाइल बसवली होती. सॉफ्टवेअरनं तारीख विचारली की ती फाइल कायम एकच तारीख सांगायची. महिना संपणारच नाही! हुशारी म्हणून मी दाद दिली असती. पण त्या सॉफ्टवेअरच्या लेखी या लॅबमध्ये गेले कित्येक महिने एकच दिवस चालू होता.

आणि लॅबमध्ये पेशंटना नंबर रोज एकपासून देतात. कल्पनाचा त्या दिवशी नऊ. तारीख बदलली की सॉफ्टवेअर नऊ नंबरसाठी कोरं पान उघडतं. तारीख बदललीच नाही तर कालच्याच नऊ नंबरचं पान उघडतं.

"मनीषा, मग रोज कसं चालायचं?"

"रोज संध्याकाळी सगळं पुसायचं मॅडम. क्लिअर मारायचा. त्या माणसानं सरांना तसं सांगितलं होतं."

"काल पुसलं?"

ती म्हणाली, "काल लाइट गेली. बॅटरी पण बसली. शटर ओढून घरी गेलो. सकाळी नावं टाकायला घेतली तर सगळीकडे कालची नावं दिसत होती. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, नाव खोड, नवीन टाक, गर्दी आहे."

म्हणजे तिनं नाव बदललं, पण आकडे कालचेच राहिले. पान आधीच भरलेलं, म्हणून मशीननं पाठवलेले खरे आकडे सॉफ्टवेअरनं घेतलेच नाहीत. काल नऊ नंबरला कुणी धट्टाकट्टा माणूस नोकरीच्या फिटनेससाठी रक्त देऊन गेला होता. त्याचं पैलवानी हिमोग्लोबिन आज कल्पनाच्या नावावर छापून आलं.

माझं डोकंच सणकलं.

"खैरनार सर, पेशंटला तुम्ही सुईचं सील दाखवता. मला दारात चपला काढायला लावता. आणि ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा माणसानं फोडून दिलेल्या वस्तूवर लोकांच्या जिवाचे रिपोर्ट काढता? तारीख खोटी येते हे दिसत होतं तुम्हाला! आणि तुम्ही केलं काय, तर बाजारात जाऊन शिक्का आणला?"

"अहो, इतके दिवस चाललं की व्यवस्थित..."

"ती बाई आत्ता मळ्यात पोचली असती. व्यवस्थित!"

मनीषा रडायला लागली. तिला म्हटलं, "रडू नको. सकाळी कोण कोण कागद घेऊन गेलं, ते आठव. सगळ्यांना परत बोलाव. नळ्या आहेत तोवर एकेक पुन्हा लाव आणि मशीनच्या पडद्यावरून हातानं लिही." ती डोळे पुसून लगेच कामाला लागली. नशीब म्हणा, बाकीच्यांत कुणाचं गंभीर नव्हतं. एका आजोबांच्या घरी मात्र तिला स्वतः जावं लागलं, त्यांच्याकडे फोन नव्हता.

मी कॉम्प्युटर बंद करायला गेले आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी दिसली. त्यात एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"हे काय चालू आहे?"

"ते हबचं," खैरनार म्हणाले. "आपण घेतलं की आपल्यालाही ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर हबवरून काढतात."

हीच लॅबची फाइल होती. 'संजीवनी' नावाचा कुणीतरी ती खैरनारांच्या कॉम्प्युटरमधून उतरवून घेत होता. त्याच क्षणी. कल्पनाची गाडी नाशिक रोडला पोचलीही नसेल. आणि ज्यानं तिला मारता मारता सोडलं तोच माल आमच्यासमोर पुढच्या घरी निघाला होता. आधी किती जणांनी नेला होता, देव जाणे. त्यांच्यासाठी खैरनारच लॅबकिंग होते.

मी सरळ वायर उपटली.

"अहो मॅडम, नेट बंद होईल ना!"

"होऊ दे!"

डॉक्टर गुजराथींनी त्या दिवसापासून खैरनारांकडे पेशंट पाठवणं थांबवलं. मूळ सॉफ्टवेअर कंपनीकडून येऊन बसेपर्यंत त्यांनी ऐकलं नाही. खैरनारांनी ते घेतलं, पण तोंड पाडून, जसा काही मीच त्यांना गंडा घातला. रबरी शिक्का मी स्वतः कचऱ्यात टाकला. कल्पना हॉस्पिटलातून बरी होऊन घरी गेली. रामदास नंतर लॅबमध्ये येऊन खैरनारांना जे काही बोलला, ते इथे छापता येणार नाही. मनीषानं मला शब्द न् शब्द सांगितलं आणि मला बरं वाटलं.

पण ज्यांनी ती फाइल नेली त्यांचं काय? केबलवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी नुसती वायर दिली. कोण कुणाला काय देतं, मला काय ठाऊक?" मग त्याच्याच कॉम्प्युटरवरून हबच्या चॅटवर लिहिलं, की हे सॉफ्टवेअर वापरू नका, एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर येतात, एक बाई थोडक्यात वाचली. संजीवनीचं उत्तर आलं.

"आमच्याकडे मस्त चालतंय. फक्त तारीख एकच येते."

मी विचारलं, तुमची लॅब कुठे? उत्तर आलं नाही. परत विचारलं तर त्यानं मला ब्लॉक केलं.

वर्षभरानं वडिलांची साखर तपासायची होती. त्यांनी घराजवळच्या एका नव्या लॅबमध्ये रक्त दिलं. चकचकीत लॅब, एसी, मासिकं. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढे केला. आकडे सुबक छापलेले. तारखेच्या जागी निळा शिक्का, थोडा तिरका.

"नॉर्मल आहे काका," ती हसून म्हणाली.

मी कागद तिच्यासमोर परत ठेवला.

"बाबा, चपला घाला. आपण दुसरीकडे जाऊ."